फुसकी निघाली तर? कार्बाइड गन, किंमत २०० रुपये, वापरून झालेला रिव्ह्यू

प्रॉडक्ट म्हणजे कार्बाइड गन, प्लास्टिकच्या पाइपात खडे आणि पाणी टाकून मागचा लायटर खटकवला की धाड वाजते ती. कोणी पाइप गन म्हणतं, कोणी माकडं पळवायची बंदूक म्हणतं, ज्याच्याकडून मी घेतली तो देसी तोफ म्हणत होता. कंपनीचं नाव नाही, डबा नाही, बिल तर नाहीच. नागपुरात रिंग रोडला ताडपत्री अंथरून एक माणूस बसला होता, एका बाजूला पणत्या आणि रांगोळीचे छाप, दुसऱ्या बाजूला हे पांढरे पाइप रांगेत उभे. २५० सांगितले, २०० ला दिली, सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत राखाडी खड्यांची पुडी फुकट. पैसे माझ्या खिशातून गेले. हे आधीच लिहून टाकतो कारण नंतर घरात "पोराने हट्ट केला" अशी एक गोष्ट तयार झाली आणि ती अर्धीच खरी आहे, हट्ट त्याने केला पण एकदा वाजवून बघायची खाज मलाही होतीच.

भाचा तेरा वर्षांचा, पुण्याहून दिवाळीला आजोळी आलेला, ताई आणि भाऊजी भाऊबीजेला येणार होते. आल्या दिवसापासून मोबाइलवर त्याच त्या रील्स दाखवत होता, कोणीतरी गच्चीवर उभा राहून पाइप धरतो, मागे लायटर खटकवतो आणि धाड, की लगेच गाणं सुरू. मामा बघ ना, मामा एवढीच तर आहे, मामा फटाक्यांपेक्षा स्वस्त. आणि तो विकणारा माणूस पण बोलायला हुशार, "बारूद नाही भाऊ याच्यात, नुसता गॅस आहे, धूर नाही, कचरा नाही, लहान लहान पोट्टे चालवून राहिले, काही नाही होत." बारूद नाही हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात सेफ असा शिक्का बसला. इंजिनीअर आहे मी. असो.

पहिल्या दिवशी रिव्ह्यू लिहिला असता तर पाच स्टार दिले असते, खोटं कशाला बोलू. नरकचतुर्दशीला सकाळी फराळ झाल्यावर अंगणात सुरू केली ती दुपारपर्यंत चालली, आवाज असा की समोरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या, कागदाचा एक तुकडा पडला नाही झाडायला, सुतळी बॉम्बच्या एका डब्याच्या पैशात दिवसभराचा खेळ. गल्लीतली सगळी पोरं जमा, एकाने तर नंबर लावायला सांगितलं होतं, तू पाच वेळा मग मी पाच वेळा. मीही तीनचार वेळा वाजवली. हाताला बसणारा झटका, छातीत जाणारा आवाज, मजा येते हे मान्य करायलाच पाहिजे कारण ते मान्य केल्याशिवाय पोरांशी याच्याबद्दल बोलताच येत नाही, नुसतं "वाईट आहे, धोका आहे" म्हटलं की ते मान हलवतात आणि गच्चीवर जातात. एक वास मात्र तेव्हाही खटकला होता, लसणासारखा उग्र. आई म्हणाली काय जाळून राहिले रे तुम्ही.

आत आहे काय ते मी नंतर वाचलं, घ्यायच्या आधी वाचायला पाहिजे होतं. ते राखाडी खडे म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. वेल्डिंगवाल्यांकडे असतं, केळी-आंबे पिकवायला चोरून वापरतात आणि त्याला बंदी आहे तेच. याला पाणी लागलं की ॲसिटिलीन गॅस निघतो आणि खाली उरतो तो चुना, साधासुधा विरी गेलेला चुना, पण ओला आणि ताजा. लसणाचा वास ॲसिटिलीनचा नसतो, कार्बाइडमधल्या अशुद्ध घटकांतून फॉस्फिन नावाचा दुसरा गॅस निघतो त्याचा असतो. आजोबा सांगायचे की त्यांच्या सायकलला कार्बाइडचा दिवा होता, वर पाणी खाली खडे, थेंब थेंब पडायचं आणि पुढे पांढरी ज्योत. म्हणजे वस्तू नवीन काहीच नाही. त्या दिव्यात गॅस जसा तयार होईल तसा बारीक तोंडातून जळून जायचा, साठायचा नाही. इथे तो बंद पाइपात हवेत मिसळून थांबतो आणि मग ठिणगी.

आणि हा गॅस ठिणगीच्या बाबतीत नखरे करत नाही. घरातला एलपीजी हवेत साधारण २ ते ९ टक्के असेल तरच पेटतो, त्याच्या कमी किंवा जास्त झाला तर पेटत नाही. ॲसिटिलीन अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पेटतो. म्हणजे जवळजवळ कसाही मिसळा, पेटणारच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लक्ष्मीपूजन मंगळवारी होतं, २१ ऑक्टोबर २०२५. पूजा झाली, आईने पोरांच्या हातात फुलबाज्या दिल्या, आणि भाच्याने पाइप काढला. एकदा वाजली. दुसऱ्यांदा खटक. काही नाही. खटक खटक खटक, काहीच नाही. मी चारपाच हातांवर उभा होतो, फुलबाज्यांच्या डब्याचं प्लॅस्टिक दाताने फाडत. तो म्हणाला मामा फुसकी निघाली बघ, आणि दुर्बिणीतून बघतात ना तसं एक डोळा मिटून त्याने पाइप चेहऱ्यासमोर धरला. बोटं लायटरवरच होती. त्याला नंतर आठवतही नाही की त्याने परत दाबलं का. दाबलं असेल, किंवा पाइप फिरवताना दाबलं गेलं असेल. मला फक्त उजेड दिसला आणि मग तो खाली बसलेला, दोन्ही हात उजव्या डोळ्यावर. ओरडला नाही. त्याचीच भीती वाटली जास्त.

आता या प्रॉडक्टचा जो खरा दोष आहे तो सांगतो, कारण बाकी सगळं, पाइप हलका आहे, फुटू शकतो, तुकडे उडतात, हे कोणीही सांगेल.

आम्ही सगळे फटाक्यांमध्ये वाढलो आणि काही साधू नव्हतो. सुतळी बॉम्बवर डालड्याचा डबा उपडा ठेवलाय, रॉकेट बाटलीत आडवं लावलंय, दिवाळीनंतर सकाळी सकाळी गल्लीभर फिरून न फुटलेले फटाके गोळा करायचे आणि त्यातली दारू कागदावर काढून पेटवायची, तीही केलीय, आमच्या वर्गातल्या एकाच्या भुवया महिनाभर नव्हत्या. पण एक नियम प्रत्येक घरात होता आणि तो आजी-आजोबांपासून शेजारच्या दादापर्यंत सगळे ओरडून सांगायचे. वात विझली, फटाका फुसका निघाला, तर जवळ जायचं नाही. वाकून बघायचं नाही. थांबायचं, आणि मग लांबून बादलीभर पाणी ओतायचं. नियम मोडायचो, पण मोडताना माहीत असायचं की मोडतोय.

या गनला तो नियमच लागू होत नाही. फुसकी निघाली तर जवळ जायचं नाही म्हणे, अहो ती हातातच आहे! लांबून पाणी ओता म्हणे, पाणी तर हिचं पेट्रोल आहे, आत ओल आहे तोवर गॅस तयार होत राहतो. फटाका फुसका निघाला म्हणजे बहुतेक वेळा वात मेली. ही फुसकी निघाली म्हणजे स्फोट व्हायचा राहिलाय, गॅस सगळा आतच आहे आणि प्रत्येक सेकंदाला वाढतोय. वर पाइप हलवला, तोंड उघडं केलं, बाहेरची हवा आत गेली तरी काही बिघडत नाही कारण अडीच ते ८० टक्के, मी म्हटलं ना लक्षात ठेवा. आणि तेरा वर्षांचं पोरगं काय करतं, वस्तू चालली नाही तर आत बघतं. खेळण्यातली गाडी बंद पडली की उलटी करून बघतं, पेन चाललं नाही की निब डोळ्याजवळ धरतं. आपणच शिकवलं त्याला. म्हणजे ही वस्तू बिघडते तेव्हा चेहरा स्वतःहून तिच्यासमोर येतो. कोणी मुद्दाम डिझाइन केलं असतं तरी याच्यापेक्षा वाईट जमलं नसतं.

पुढची पाच मिनिटं आमच्या घरात काय चाललं ते पण लिहितो कारण तुमच्याकडेही असंच होईल. एक आवाज आला गुलाबपाणी टाका. एक आवाज आला दूध आणा. कोणीतरी तूप म्हणालं. मी मोबाइल शोधत होतो. सुदैवाने वरच्या मजल्यावरच्या ताई नर्स आहेत, त्या आवाज ऐकून खाली आल्या आणि त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं, आधी कोरड्या कपड्याने चेहऱ्यावरचा, पापण्यांवरचा पांढरा भुगा हलकेच टिपून काढला कारण त्यात कार्बाइडचे कण असतील तर पाण्याने तापतात, आणि मग डोकं आडवं करून मोरीतल्या नळाखाली धरलं, पापण्या बोटांनी उघड्या ठेवून. वीस मिनिटं. तो रडत होता, आई ओरडत होती पुरे पुरे, त्यांनी नळ बंद केला नाही. चोळू दिलं नाही. मग गाडीत घातला.

सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या वॉर्डात गेलो, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा ॲसिड-अल्कली दाखवणारी एक कागदाची पट्टी डोळ्याच्या कोपऱ्यात लावली, रंग बघितला आणि परत सलाइनने धुवायला घेतलं. आम्हाला वाटलं होतं भाजलंय. त्या म्हणाल्या भाजलंय ते आहेच पण मला काळजी चुन्याची आहे. ॲसिड डोळ्यात गेलं तर वरचा थर करपतो आणि तो करपलेला थरच पुढे आडवा येतो, चुन्यासारखा अल्कली असेल तर तो पेशींची चरबी विरघळवत आत आत जात राहतो, म्हणून पट्टीचा रंग नॉर्मल येईपर्यंत धुवायचं. मग वरची पापणी उलटी करून तिच्या आतून दोन पांढरे कण काढले. पापणीच्या आत! आम्ही घरी वीस मिनिटं धुऊनही ते तिथेच बसलेले. मग डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या दिव्याखाली बघितलं, मलाही दाखवलं, काळ्या बुबुळावर एक हिरवा चमकणारा डाग, वाटाण्यापेक्षा जरा लहान. त्यांनी सांगितलं की बुबुळाच्या कडेने ज्या पेशी असतात त्या वरचा पारदर्शक पडदा परत परत तयार करतात, त्या पूर्ण जळल्या असत्या तर पडदा पांढरा पडतो आणि मग गर्भाच्या आवरणाची पातळ झिल्ली डोळ्यावर लावणं, पेशींचं रोपण, वर्षभराचं काम. आपल्या केसमध्ये कड बहुतेक वाचलीय. बहुतेक. तो शब्द मी रात्रभर चघळला.

आम्ही तिथे असतानाच बातम्या यायला लागल्या. मध्य प्रदेशात, भोपाळ, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर, विदिशा, तीन दिवसांत शंभराहून जास्त मुलं याच गनने डोळे भाजून दवाखान्यात, चौदा जणांची नजर गेल्याची बातमी. तिथेही दीडदोनशेलाच रस्त्यावर मिळत होती, तिथेही रील्स, तिथेही प्लास्टिकचा पाइप आणि गॅस लायटर, आणि कितीतरी पोरांची गोष्ट तीच, वाजली नाही म्हणून आत बघायला गेला. बंदीचे आदेश दिवाळीच्या आधीच निघाले होते तिथे. भोपाळ आणि कार्बाइड हे दोन शब्द एकत्र वाचताना कसंतरी झालं. १९८४ ला ज्या कंपनीच्या कारखान्यातून गॅस सुटला ती युनियन कार्बाइड कंपनीही मुळात शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी याच खड्यांच्या धंद्यातून उभी राहिलेली, नावातच आहे.

बरं, आमच्या नागपूरचं कौतुक वेगळंच. देशभरातल्या स्फोटकांना आणि फटाक्यांना परवानगी देणारं जे केंद्र सरकारचं खातं आहे, पेसो, त्याचं मुख्यालय नागपुरात. ग्रीन फटाके ज्यांनी काढले, डब्यावर लोगो आणि क्यूआर कोड येतो ना, ती नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था पण नागपुरात. कॅल्शियम कार्बाइड कसं ठेवायचं, कसं न्यायचं याचे १९८७ पासून स्वतंत्र नियम आहेत देशात. फटाक्याला आवाजाची मर्यादा आहे, चार मीटरवरून १२५ डेसिबल, ती मोजली जाते. आणि याच गावात ताडपत्रीवर प्लंबिंगचा पाइप फटाका म्हणून विकला जातो, त्याला लोगो नाही, मर्यादा नाही, कारण कागदावर तो फटाकाच नाही. प्लंबिंगच्या दुकानात पाइप, किचनच्या दुकानात लायटर, वेल्डिंगच्या दुकानात खडे, तिन्ही वस्तू आपापल्या जागी कायदेशीर. तो विकणारा माणूस बहुतेक स्वतःही हे सगळं खेळणंच समजत असेल, त्याचा नऊदहा वर्षांचा मुलगा बाजूलाच बसून पाइपांना रंगीत टेप गुंडाळत होता. त्याच्यावर राग काढायला मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो. जागा रिकामी होती.

एक बाजू सांगायची राहिली, ती सांगितली नाही तर शेतकरी मंडळी मला झोडतील. आमच्या काकांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, माकडं आणि रानडुकरं यांनी जीव नको केलाय, आणि त्यांच्याकडे ही गन चार वर्षांपासून आहे. मला ती बघून माहीत होती, म्हणूनही मी निर्धास्त होतो खरं तर. दिवाळीनंतर मी त्यांना विचारलं, काका तुम्ही कशी वापरता. ते म्हणाले, "नाही वाजली तं मी तिला बांधावर टाकून देतो अन् चहा प्याले निघून जातो. अर्ध्या तासानं येतो. अन् पोट्ट्यांच्या हाती देतच नाही ना बाप्पा, ते का खेळणं आहे?" एवढं करूनही त्यांच्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, तो त्यांनी शर्टाची बाही वर करून दाखवला. काकांना ती थांबून परवडते, कारण त्यांना माकड पळवायचंय. पोराच्या मागे नंबर लावून पाच पोरं उभी असतात आणि एक मोबाइल चालू असतो, त्याला अर्धा तास कुठून परवडणार.

भाच्याला दोन दिवस ठेवून घेतलं, डोळ्यावर औषधी कॉन्टॅक्ट लेन्स, दर तासाला थेंब. ताई-भाऊजी बुधवारी सकाळीच पोचले. भाऊबीजेला दवाखान्यातून घरी सोडलं, संध्याकाळी ताईने पाट मांडला, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं, सगळं केलं. एक शब्द बोलली नाही. निरांजन माझ्या चेहऱ्यापासून जरा जास्तच लांब धरलं होतं तिने.

आता महिना होऊन गेला. नजर आलीय, नजर तपासायच्या तक्त्यावरच्या शेवटच्या दोन ओळी उजव्या डोळ्याने धूसर दिसतात, कडेला एक पांढुरका डाग आहे तो जाईल की राहील हे कळायला वेळ लागेल म्हणाले. रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती त्याला गोल फुटलेले दिसतात. संध्याकाळचं टर्फवरचं क्रिकेट बंद आहे, फ्लडलाइटमध्ये बॉल दिसत नाही. मोबाइलमधून त्या रील्स त्याने स्वतः डिलीट केल्या, मला दाखवून, आणि मग विचारलं, मामा तू पण वाजवली होतीस ना तीनचार वेळा, तुझी एकदा पण फुसकी कशी नाही निघाली. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पाइप मी करवतीने कापून टाकला. पुडीचं काय करायचं हा प्रश्न होता, अर्धी शिल्लक होती, कचऱ्याच्या गाडीत टाकली तर ओल्या कचऱ्यात जाणार, नालीत टाकायचा तर प्रश्नच नाही, घरात ठेवली तर आई रोज त्या कपाटाकडे बघायची. शेवटी कोरड्या स्टीलच्या डब्यात घालून आमच्या भागातल्या जुन्या वेल्डिंगवाल्या चाचांकडे नेली, ते अजून कार्बाइडवर काम करतात. त्यांनी डबा घ्यायच्या आधी हात फडक्याला पुसले, दोनदा, मग झाकण उघडलं, तोंड बाजूला करून. कुठून आणलं विचारलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, मी अजून या डब्यात ओला हात घालत नाही. तुम्ही पोराच्या हाती खडे पण दिले अन् पाणी पण दिलं?" मग पुडी तराजूत टाकून माझ्या हातावर तीस रुपये ठेवायला लागले. मी घेतले नाहीत.